क्लेअर फ्रेझर, जिवाणूंचे जीनोम आणि आपलं आतडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीनोमचा, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण डीएनए-मजकुराचा विषय निघाला की विद्यार्थी मानवी जीनोमवर काम करणाऱ्या क्रेग व्हेंटर यांचं नाव चटकन घेतात. क्लेअर फ्रेझर यांचं नाव मात्र वर्गात एखाद्यालाच माहीत असतं. जिवाणूंच्या जीनोमचं शास्त्र ज्या थोड्या लोकांनी उभं केलं आणि पुढे तेच हत्यार घेऊन जे माणसाच्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांकडे वळले, त्यांत फ्रेझर अगदी पुढच्या रांगेत आहेत. विद्यार्थी, पालक आणि डॉक्टर मित्र या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे उत्तरांसकट एकत्र केले आहेत.

क्लेअर फ्रेझर कोण आहेत?

अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. जन्म १९५५ चा, बालपण मॅसॅच्युसेट्समधल्या सॉगस या गावात गेलं. १९७७ मध्ये रेन्सेलिअर पॉलिटेक्निकमधून जीवशास्त्राची पदवी आणि १९८१ मध्ये बफेलोच्या विद्यापीठातून औषधशास्त्रात पीएचडी. १९९८ ते २००७ या काळात त्या मेरीलँडमधल्या ‘द इन्स्टिट्यूट फॉर जीनोमिक रिसर्च’ या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. या संस्थेला सगळे ‘टायगर’ म्हणत, म्हणून पुढे तेच नाव वापरलं आहे. २००७ मध्ये त्या बाल्टिमोरच्या मेरीलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि तिथे ‘इन्स्टिट्यूट फॉर जीनोम सायन्सेस’ त्यांनी संस्थापक संचालक म्हणून उभी केली. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ‘अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स’ या सर्वांत मोठ्या विज्ञानसंघटनेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

शिक्षण औषधशास्त्राचं, मग जिवाणूंकडे कशा वळल्या?

सुरुवातीची वर्षं त्यांनी पेशींच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टर प्रथिनांवर काढली. ॲड्रिनॅलिनसारखं रसायन पेशीला नेमकं कुठे चिकटतं आणि आत निरोप कसा जातो, हा तो विषय. हे काम अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या प्रयोगशाळांत चालू होतं. १९८० च्या दशकात एका रिसेप्टरचं जनुक वेगळं काढून वाचायचं म्हटलं तरी महिने जात, कधी वर्षही. ते कष्ट ज्याने उपसले आहेत त्याला ‘सगळी जनुकं एकदम वाचता आली तर?’ हा प्रश्न पडणारच. १९९२ मध्ये टायगरची स्थापना झाली तेव्हा त्या या प्रश्नाच्या मागे गेल्या.

क्षेत्र बदललं म्हणजे आधीचं काम वाया गेलं, असं आपल्याकडे फार लवकर म्हणतात. फ्रेझर यांच्या बाबतीत तसं झालं नाही. प्रथिन नेमकं काय करतं, हे विचारायची सवय त्यांना रिसेप्टरांनी लावली. नुसत्या अक्षरांच्या लांबलचक माळेवर समाधान न मानण्याची त्यांची वृत्ती तिथून आली, असं मला वाटतं.

१९९५ मध्ये असं काय घडलं?

२८ जुलै १९९५ रोजी हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या जिवाणूचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. १८,३०,१३७ बेस जोड्या, म्हणजे डीएनएची तेवढी अक्षरं. स्वतंत्रपणे जगणाऱ्या कुठल्याही सजीवाचा पूर्ण वाचलेला हा पहिला जीनोम. हा जिवाणू निवडायची कल्पना नोबेलविजेते हॅमिल्टन स्मिथ यांची होती. फ्रेझर त्या गटात होत्या.

पद्धत होती शॉटगनची. डीएनएचे हवे तसे, कुठेही तुटलेले हजारो छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा टोकांकडून वाचायचा आणि ज्या तुकड्यांचा मजकूर एकमेकांवर चढतो ते संगणकाने जोडत न्यायचे. संपूर्ण जिवाणूवर हे जमणार नाही, असं अनेक जाणकारांचं मत होतं. या कामासाठी सरकारी अनुदानाचा अर्जही नामंजूर झाला होता. शेवटी सुमारे २४ हजार तुकडे जोडून काम झालं.

यातला एक टप्पा पाठ्यपुस्तकं एका ओळीत उरकतात. संगणकाने जोडणी संपवली तेव्हा हातात एक अखंड गोल गुणसूत्र आलं नव्हतं. आले ते सुमारे १४० सलग खंड, आणि त्यांच्या मध्ये फटी. कुठला खंड कुठल्याच्या शेजारी येतो ते ठरवायचं, दोन टोकांना प्राइमर (सुरुवातीची जागा ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावून पीसीआर करायची, म्हणजे मधल्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या, तो वाचायचा, की एक फट बुजली. मग पुढची. जिवाणूंच्या जीनोममध्ये काही जनुकांच्या हुबेहूब सारख्या प्रती असतात, रायबोसोमच्या आरएनएची जनुकं त्यांतलीच. तिथे संगणक हमखास चकतो आणि लांबचे दोन भाग एकमेकांना जोडून टाकतो. तेव्हा माणसालाच बसून निस्तरावं लागतं. टायगरमध्ये हे काम शेवटच्या अक्षरापर्यंत नेण्याचा आग्रह होता. हातात संपूर्ण जीनोम असेल तरच ‘हे जनुक या जिवाणूत नाही’ असं ठामपणे म्हणता येतं. अर्धवट जीनोमवरून तसं म्हणता येत नाही, कारण ते जनुक कदाचित फटीत असेल. फ्रेझर यांच्या पुढच्या साऱ्या कामाचा पाया मला या एका गोष्टीत दिसतो.

मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमला इतकं महत्त्व का?

कारण तो फार छोटा आहे. मूत्रमार्गात आणि जननमार्गात राहणारा हा जिवाणू, त्याचा जीनोम जेमतेम ५,८०,०७० बेस जोड्यांचा. ऑक्टोबर १९९५ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्या लेखाच्या पहिल्या लेखिका फ्रेझर होत्या. पूर्ण वाचलेला हा दुसरा जिवाणू. त्यात प्रथिनं बनवणारी सुमारे ४७० जनुकं सापडली, तर हिमोफिलसमध्ये १,७०० च्या वर होती.

दोन पूर्ण जीनोम शेजारी ठेवता आले आणि एक जुना प्रश्न प्रयोगशाळेत आला: जगायला कमीत कमी किती जनुकं लागतात? मायकोप्लाझ्माने अमिनो आम्लं बनवण्याची जवळजवळ सगळी यंत्रणा टाकून दिली आहे, ती तो यजमानाकडून घेतो. डीएनएची प्रत काढणं, प्रथिनं बनवणं, ऊर्जा मिळवणं एवढं मात्र त्याने राखलं आहे. १९९९ मध्ये टायगरच्याच गटाने एकेक जनुक बंद पाडून पाहिलं आणि २६५ ते ३५० जनुकांशिवाय भागत नाही, असा अंदाज मांडला. त्यांतली शंभरेक काय करतात हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. जगण्यासाठी अत्यावश्यक, पण काम अज्ञात! कृत्रिम जीनोम बनवण्याचं पुढचं बरंचसं काम या प्रश्नातून निघालं.

जो जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाही, त्याचा जीनोम वाचून काय साधतं?

खूप काही. उपदंशाचा, म्हणजे सिफिलीसचा जिवाणू ट्रेपोनेमा पॅलिडम घ्या. १९०५ मध्ये तो सापडला, पण पुढची शंभर वर्षं साध्या कल्चर माध्यमात सतत वाढवणं कुणालाच जमलं नाही. संशोधक तो सशाच्या वृषणात वाढवत. १९९८ मध्ये टायगर आणि टेक्सासच्या गटाने त्याचा ११,३८,००६ बेस जोड्यांचा जीनोम वाचला. तो का वाढत नाही याचं कारण समोर आलं: ऊर्जा मिळवण्याचा क्रेब्स चक्रासारखा मूलभूत मार्गच त्याच्यात नाही, अमिनो आम्लं आणि मेदाम्लंही तो स्वतः बनवत नाही. काय काय आयतं पुरवावं लागेल याची यादीच मिळाली. तरीही ऊतकपेशींच्या सोबतीने तो प्रयोगशाळेत सतत वाढवता येऊ लागला तो थेट २०१८ मध्ये. जीनोम वाचला की उत्तर लगेच मिळतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी मधली वीस वर्षं ध्यानात घ्यावीत.

त्याआधी १९९७ मध्ये गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचा जिवाणू बोरेलिया बर्गडॉर्फेरी वाचून झाला होता, तिथेही पहिल्या लेखिका फ्रेझर. त्याचं गुणसूत्र गोल नसून सरळ आहे, आणि सोबत १७ हून अधिक प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे तुकडे आहेत.

यातून रुग्णाच्या पदरात काय पडलं?

माझ्या मते सर्वांत स्पष्ट उदाहरण मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाच्या दाहाच्या) ‘बी’ गटाच्या लशीचं. मेनिंगोकोकस जिवाणूच्या इतर प्रमुख गटांवर लशी बनल्या त्या त्याच्या बाहेरच्या शर्करेच्या वेष्टणावरून. ‘बी’ गटाचं वेष्टण मात्र माणसाच्या स्वतःच्या चेतापेशींवरच्या शर्करेशी मिळतंजुळतं असतं. शरीर त्याला परकं मानत नाही, आणि जबरदस्तीने मानायला लावलं तर धोका आपल्यालाच. बरीच वर्षं गाडी इथेच अडली होती.

इटलीतले लसशास्त्रज्ञ रिनो रॅप्पुओली यांनी रीत उलटी केली. जिवाणू वाढवून प्रथिनं शोधण्याऐवजी आधी टायगरकडून जीनोम वाचून घेतला. मग पृष्ठभागावर असू शकतील अशी जनुकं संगणकावर निवडली, त्यांतल्या सुमारे ३५० प्रथिनांची निर्मिती ई. कोलाय या प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या जिवाणूमध्ये केली आणि ती उंदरांना टोचून पाहिली. जीनोम आणि हे निकाल दोन्ही २००० मध्ये एका विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात आले. त्यातून तयार झालेल्या लशीला युरोपात २०१३ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये परवानगी मिळाली. जीनोमपासून बाळाच्या दंडापर्यंत यायला तेरा वर्षं लागली. लस बनवण्याच्या मानाने हा वेग चांगलाच आहे.

अँथ्रॅक्सच्या पत्रांशी फ्रेझर यांचा काय संबंध?

सप्टेंबर-ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सचे बीजाणू भरलेली पत्रं पोस्टाने पाठवली गेली. २२ जणांना लागण झाली, त्यांतले ५ दगावले. जिवाणू ‘एम्स’ या प्रकारातला आहे हे लवकरच कळलं. पण हा प्रकार अनेक प्रयोगशाळांकडे होता, त्यामुळे एवढ्यावरून संशय कुणावर घ्यायचा?

टायगरमध्ये एम्सचा जीनोम वाचण्याचं काम आधीपासून चालू होतं. फ्लोरिडातल्या रुग्णाकडून मिळालेला जिवाणू त्यांनी वाचला आणि तुलना २००२ मध्ये प्रसिद्ध केली. अडचण अशी की अँथ्रॅक्सचा जिवाणू बदलतो फार सावकाश. बीजाणू होऊन तो वर्षानुवर्षं नुसता पडून राहतो, पिढ्याच होत नाहीत तर बदल कुठून होणार? पत्रांतल्या नेहमीच्या दिसणाऱ्या वसाहतींचा जीनोम मूळ एम्सशी तंतोतंत जुळला. म्हणजे सुगावा शून्य.

मग लष्करी प्रयोगशाळेतल्या एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंच्या नजरेला एक गोष्ट आली. पत्रातले बीजाणू पेट्री डिशमध्ये पसरून नेहमीपेक्षा जास्त वेळ वाढू दिले की काही थोड्या वसाहती वेगळ्या दिसत. रंग निराळा, कडा निराळी, पोत निराळा. त्यांनी त्या बाजूला काढून ठेवल्या. ‘दूषित झालं असेल’ म्हणून ती डिश टाकून दिली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. टायगरने या वेगळ्या वसाहतींचे जीनोम वाचले आणि प्रत्येकीत नेमका कुठे बदल झाला ते शोधलं. त्यावरून चार बदल ओळखणाऱ्या चाचण्या तयार झाल्या. तपासयंत्रणेने वेगवेगळ्या प्रयोगशाळांकडून एम्सचे हजाराहून अधिक नमुने गोळा केले होते, ते सगळे या चाचण्यांतून गेले. चारही बदल फक्त आठ नमुन्यांत एकत्र सापडले आणि ते सगळे एकाच लष्करी संस्थेतल्या एका फ्लास्ककडे बोट दाखवत होते.

पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. ज्या शास्त्रज्ञावर संशय होता तो २००८ मध्ये, खटला उभा राहण्याआधीच मरण पावला. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने सगळं वैज्ञानिक काम तपासलं आणि सांगितलं की पत्रांतले बीजाणू कुठून आले याचा निर्णायक निष्कर्ष केवळ या विज्ञानाच्या आधारे काढता येत नाही. जीनोमने संशयाचं वर्तुळ लहान केलं. हात कुणाचा होता हे जीनोम सांगू शकत नाही, आणि ही मर्यादा न्यायालयात शिरणाऱ्या प्रत्येक शास्त्रज्ञाला ठाऊक हवी. सूक्ष्मजीवांवर आधारलेलं न्यायवैद्यक हे स्वतंत्र क्षेत्र म्हणून घडलं ते या प्रकरणातून.

एका जातीचा एक जीनोम वाचला की ती जात कळली, असं का म्हणता येत नाही?

२००५ मध्ये टायगर आणि रॅप्पुओली यांच्या गटाने ‘बी’ गटाच्या स्ट्रेप्टोकोकसचे आठ प्रकार एकमेकांशी ताडून पाहिले. नवजात बाळांना गंभीर संसर्ग करणारा हा जिवाणू. सगळ्यांत समान अशी जनुकं कुठल्याही एका जीनोमच्या सुमारे ८० टक्के भरली, आणि दर नव्या प्रकाराबरोबर आधी कुठेच न दिसलेली तीसेक जनुकं सापडत राहिली. गणिताने पाहिलं तर ही भर थांबायचं नाव घेत नव्हती. जातीच्या सगळ्या जनुकांच्या या एकत्रित साठ्याला पॅनजीनोम म्हणतात. आज रुग्णालयातली प्रतिजैविकांना दाद न देणारा क्लेब्सिएला हा जिवाणू अभ्यासताना ही कल्पना रोज वापरात येते.

मग माणसाच्या आतड्याकडे त्या कशा आल्या?

एकेक जिवाणू वेगळा वाढवून वाचायचा, ही रीत आतड्यात चालत नाही. तिथले बरेच जिवाणू प्राणवायू लागताच मरतात, आणि एकमेकांच्या उष्ट्यावर जगणाऱ्यांना एकटं वाढवणं कठीण. म्हणून मलाच्या नमुन्यातला सगळ्यांचा डीएनए एकत्रच काढून वाचायचा, असा विचार झाला. २००६ मध्ये टायगरच्या गटाने डेव्हिड रेलमन आणि जेफ्री गॉर्डन या संशोधकांसोबत दोन निरोगी माणसांच्या आतड्यांतला असा एकत्रित जीनोम प्रसिद्ध केला. सुमारे ७.८ कोटी बेस जोड्यांचा मजकूर हाती आला.

माणसं फक्त दोन होती, तेव्हा ‘माणसाचं आतडं असं असतं’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. चित्र मात्र स्पष्ट होतं. वनस्पतींतल्या ज्या शर्करा पचवण्याची विकरं आपल्या स्वतःच्या जीनोममध्ये नाहीत, ती या सूक्ष्मजीवांकडे भरपूर होती. काही जीवनसत्त्वं बनवण्याचे मार्ग होते, मिथेन तयार करणारे आर्किया, म्हणजे जिवाणूंहून वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव होते. ज्वारीच्या भाकरीतल्या आणि डाळीच्या सालातल्या तंतूंचं काय होतं, त्याचं बरंचसं उत्तर आपल्या जनुकांत नाही, त्यांच्या जनुकांत आहे.

शरीरातल्या सगळ्या सूक्ष्मजीवांच्या समूहाला मायक्रोबायोम म्हणतात. २००७ मध्ये अमेरिकेत ह्यूमन मायक्रोबायोम प्रकल्प जाहीर झाला. त्यासाठीची माहिती साठवून तिचं विश्लेषण जुळवणारं केंद्र फ्रेझर यांच्या बाल्टिमोरच्या संस्थेत होतं. २०१२ मध्ये २४२ निरोगी प्रौढांचे निकाल आले. पुरुषांच्या शरीरावरच्या १५ आणि स्त्रियांच्या १८ जागा: तोंडातल्याच नऊ, शिवाय नाक, कानांच्या मागे, कोपराच्या आतल्या बाजूला, मल, योनीमार्ग. दोन निरोगी माणसांचे जिवाणू एकमेकांपेक्षा खूप वेगळे असू शकतात, पण त्या जिवाणूंनी मिळून करायची मूलभूत कामं मात्र बरीच सारखी राहतात, हा त्यातला लक्षात ठेवण्याजोगा निष्कर्ष. म्हणून ‘निरोगी आतड्यात अमुक जिवाणू अमुक टक्के’ असा तक्ता बनवता येत नाही.

शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात ना?

नाही. तो आकडा १९७० च्या दशकातल्या एका ढोबळ अंदाजावरून रूढ झाला. २०१६ मध्ये नीट मोजदाद झाली तेव्हा सरासरी पुरुषात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी, असा हिशेब निघाला. जवळजवळ बरोबरी. त्या सगळ्या जिवाणूंचं वजन सुमारे २०० ग्रॅम. किलो-दोन किलोचे आकडे आजही फिरतात, ते फॉरवर्ड करू नयेत.

लठ्ठपणा आतड्यातल्या जिवाणूंमुळे येतो का?

उंदरांवरचे प्रयोग पाहून एका काळी तशी मोठी आशा निर्माण झाली होती. माणसांत गोष्ट गुंतागुंतीची निघाली. फ्रेझर यांच्या गटाने पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागातल्या जुन्या वळणाच्या आमिश समाजाचा अभ्यास केला. निवड विचारपूर्वक होती. हा शेतीवर जगणारा समाज, खाणंपिणं आणि राहणीमान घरोघरी बरंच सारखं, लग्नं समाजातच, वंशावळी नोंदलेल्या. म्हणजे आहार आणि आनुवंशिकता यांमुळे उडणारा गोंधळ इथे कमी. ३१० जणांचे नमुने तपासले. २०१२ मध्ये त्यांनी लिहिलं की जिवाणूंच्या समूहाची एकूण रचना आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) यांच्यात थेट संबंध दिसला नाही. काही मोजक्या जातींचा मात्र चयापचयाच्या काही लक्षणांशी संबंध आढळला.

‘लठ्ठपणाचा जिवाणू सापडला’ असा मथळा यातून निघत नाही. हाती जे आलं तेवढंच लिहिलं, म्हणून हा लेख मी विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला देतो.

प्रोबायोटिक घ्यावं का? आणि घरचं दही-ताक?

औषध म्हणून घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून. विशेषतः प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आणि गंभीर आजारी रुग्णांनी स्वतःच्या मनाने काहीही घेऊ नये, आणि कमी दिवसांच्या बाळांना तर देऊच नये.

शास्त्राच्या अंगाने एक प्रयोग सांगतो. फ्रेझर यांच्या गटाने ६५ ते ८० वयाच्या १२ निरोगी लोकांना २८ दिवस लॅक्टोबॅसिलस जीजी हा भरपूर अभ्यासलेला प्रकार दिला. २०१५ मध्ये आलेला निकाल असा: आतड्यात कोण किती आहे, यात विशेष फरक पडला नाही. पण आधीपासून तिथे राहणारे जिवाणू कोणती जनुकं चालू ठेवतात ते बदललं. बायफिडोबॅक्टेरियम, रोझबुरिया यांसारख्यांची हालचालीशी आणि चिकटण्याशी निगडित जनुकं जास्त बोलू लागली. नुसती जिवाणूंची गणती केली असती तर ‘काहीच झालं नाही’ असं म्हणून लेख संपला असता. डीएनएबरोबर आरएनए वाचला म्हणून हा बदल दिसला. बाहेरून आलेला जिवाणू स्वतः ठाण मांडत नाही, तरी तिथल्यांचं वागणं बदलू शकतो. माणसं बाराच, हेही विसरू नये.

दही-ताक आहार म्हणून उत्तम. मात्र विरजणात कोणते जिवाणू आहेत हे घराघरांत वेगळं असतं, त्यामुळे ठरावीक प्रकारावर झालेल्या प्रयोगाचे फायदे आपल्या वाटीतल्या दह्याला परस्पर लावता येत नाहीत.

आतड्याच्या मायक्रोबायोमची तपासणी करून घेऊ का? जाहिराती खूप येतात.

निरोगी माणसाने त्यावर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. निरोगीपणाचा एकच ठरावीक नमुना नाही, हे वर आलंच. शिवाय अशा रिपोर्टमध्ये टक्केवारी असते, प्रत्यक्ष संख्या नसते. एका जिवाणूची टक्केवारी वाढलेली दिसते तेव्हा तो खरोखर वाढला असेल, किंवा बाकीचे कमी झाले असतील. डीएनए काढण्याची पद्धत बदलली तरी आकडे हलतात, कारण जाड पेशीभित्तिकेचे जिवाणू सहजी फुटत नाहीत. त्याच माणसाचा नमुना दोन ठिकाणी दिला तर दोन निराळे रिपोर्ट येऊ शकतात. त्यावरून कुणी भात सोड, गहू सोड असं सांगत असेल तर ऐकू नये.

फ्रेझर यांचं यश व्हेंटर यांच्यामुळे, असं काही जण म्हणतात. ते खरं आहे का?

व्हेंटर त्यांचे तेव्हाचे पती आणि टायगरचे संस्थापक. पुढे दोघं विभक्त झाले. १९९८ मध्ये व्हेंटर मानवी जीनोमसाठी सेलेरा कंपनीत गेले आणि टायगरची सूत्रं फ्रेझर यांच्याकडे आली. या पानावरचं मेनिंगोकोकस, अँथ्रॅक्स, पॅनजीनोम, आतडं हे सगळं त्यानंतरचं आहे. हिवतापाचा परजीवी प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम २००२ मध्ये वाचून झाला, त्या आंतरराष्ट्रीय कामातही टायगर होती. तारखा पाहिल्या की प्रश्न उरत नाही. बाईच्या कामाचं श्रेय शेजारच्या पुरुषाच्या खात्यावर टाकायची सवय आपल्या विज्ञानकथनात अजून आहे, आणि ती मला खटकते.

या विषयाचं काम महाराष्ट्रात कुठे चालतं?

पुण्यात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. जिवाणूंचे अधिकृत नमुने जतन करणं, नव्या जाती ओळखणं आणि भारतीयांच्या मायक्रोबायोमचा अभ्यास, असं काम तिथे झालं आहे. लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी सरोवरातल्या सूक्ष्मजीवांवरही पुण्यातल्या संशोधकांनी काम केलं आहे. पुण्याचीच आघारकर संशोधन संस्था आणि आयसर, नागपूरची नीरी ही आणखी काही ठिकाणं. भारतीय आतड्यांचा अभ्यास इथेच व्हायला हवा, कारण आपला आहार, प्रतिजैविकांचा वापर, पाणी, सगळंच वेगळं. अमेरिकेतल्या २४२ लोकांच्या आकड्यांवरून चंद्रपूरच्या किंवा सिंधुदुर्गातल्या माणसाबद्दल बोलणं योग्य नाही.

मी बीएस्सीला आहे. सुरुवात कुठून करू?

सूक्ष्मजीवशास्त्राचं प्रात्यक्षिक मनापासून करा. डिशमधली वेगळी वसाहत ओळखणारी नजर मोल देऊन मिळत नाही. जोडीला पायथन आणि संख्याशास्त्र शिका. पुढे एमएस्सी, मग नेट किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची फेलोशिप, हा नेहमीचा मार्ग आहेच.

पण आजच, घरबसल्या, एक काम करता येईल. टायगरने वाचलेले जीनोम सर्वांसाठी खुले आहेत. जेनबँक या डीएनए-माहितीच्या सार्वजनिक संग्रहातून मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमचा जीनोम उतरवून घ्या. फाईल इतकी लहान आहे की मोबाईलवरही चटकन येते. तिचा एखादा मोठा तुकडा जनुकं शोधणाऱ्या मोफत ऑनलाइन साधनात टाका आणि जनुकीय संकेताचा तक्ता (कोणत्या तीन अक्षरांचा अर्थ कोणतं अमिनो आम्ल ते सांगणारा) जिवाणूंचा नेहमीचा, म्हणजे ११ क्रमांकाचा ठेवा. जनुकं मधेच तुटलेली, आखूड आखूड दिसतील. आता फक्त तक्ता बदलून ४ क्रमांकाचा करा आणि पुन्हा चालवा. तेच तुकडे जोडले जाऊन लांब, अखंड जनुकं होतात. कारण बहुतेक सजीवांत ‘यूजीए’ ही तीन अक्षरं म्हणजे प्रथिन इथे संपलं अशी खूण, पण मायकोप्लाझ्मात त्यांचा अर्थ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. दोन्ही वेळच्या याद्या शेजारी ठेवा, सर्वांत लांब दहा जनुकं निवडा आणि प्रत्येकाचं प्रथिन काय करत असेल ते शोधायला लागा. एखाद्यापुढे ‘कार्य अज्ञात’ असं लिहिलेलं दिसलं, तर ते वहीत वेगळं टिपून ठेवा.